विश्लेषण : पॉडकास्ट सुरू करायचाय? माइकवर नेमके किती पैसे घालावेत?

पॉडकास्ट सुरू करायचे मनात आले की ‘बोलायचे कशावर’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘माइक कोणता घ्यायचा’ याचा शोध आधी सुरू होतो. चार-पाच व्हिडिओ पाहून होईपर्यंत दोन हजारांत भागेल असे वाटणारे काम साठ हजारांवर जाऊन पोहोचते. नुकतीच नोकरी लागलेल्या अनेकांसाठी हा दोन महिन्यांचा पगार असतो, तर निवृत्त शिक्षकासाठी अडीअडचणीला ठेवलेली पुंजी. एवढा खर्च खरोखर गरजेचा आहे का? कमी पैशांत ऐकण्याजोगा आवाज मिळू शकतो का? आणि महागडे साहित्य घ्यायचेच असेल, तर ते कधी घ्यावे?

पॉडकास्टला स्टुडिओ लागतो, हा समज कुठून आला?

खरे तर हे माध्यम घरातच जन्माला आले. ‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘द गार्डियन’ दैनिकातील बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट या दोन शब्दांची ती जोडणी होती. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली आणि रेडिओ केंद्राशी काहीही संबंध नसलेली माणसे घरबसल्या कार्यक्रम करू लागली. अमेरिकी विनोदकार मार्क मॅरन यांचा ‘डब्ल्यूटीएफ’ हा पॉडकास्ट लॉस एंजेलिसमधील त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित होत असे. जून २०१५ मध्ये तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा मुलाखतीसाठी याच गॅरेजमध्ये येऊन बसले होते. २०२० च्या टाळेबंदीत तर अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचे पत्रकार कपड्यांच्या कपाटात शिरून, डोक्यावर पांघरूण घेऊन बातम्या वाचत होते.

चित्र बदलले ते पॉडकास्ट यूट्यूबवर ‘बघितला’ जाऊ लागल्यावर. मराठीतही ‘अमुक तमुक’ किंवा ‘व्हायफळ’सारखे गप्पांचे कार्यक्रम लोक ऐकतात तसे पाहतातही. पडद्यावर बोलणाऱ्याच्या तोंडासमोर लांब दांडीला टांगलेला काळा, जाडजूड माइक दिसतो. असा माइक ही आता पॉडकास्टची ओळखच झाली आहे. त्यामुळे चांगला आवाज त्या माइकमुळे येतो, असे पाहणाऱ्याला वाटणे साहजिक आहे. त्यामागची जाड पडद्यांची खोली, ध्वनिमुद्रण करणारा माणूस आणि नंतरचे संपादन मात्र कॅमेऱ्यात दिसत नाही.

ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते?

बहुतेक श्रोते लोकलमध्ये, एसटीत, स्वयंपाक करताना किंवा सकाळच्या फेरफटक्यात, ब्लूटूथ इअरफोनवर पॉडकास्ट ऐकतात. भाग त्यांच्यापर्यंत पोहोचतो तोही आकसलेल्या फाइलच्या रूपात. एका तासाचे साधे एकपदरी ध्वनिमुद्रण मूळ स्वरूपात सुमारे ३२० एमबी असते. तेच ६४ केबीपीएस एमपी३ मध्ये बदलले की २९ एमबीच्या आसपास येते. या प्रवासात आठ हजारांचा माइक आणि चाळीस हजारांचा माइक यांच्यातला बराचसा फरक विरून जातो.

तीन दोष मात्र विरत नाहीत. पहिला, रिकाम्या हॉलमध्ये बोलल्यासारखा घुमणारा आवाज. दुसरा, पार्श्वभूमीचा गोंगाट, म्हणजे पंखा, रस्त्यावरचे हॉर्न किंवा चार्जरमुळे येणारी गुणगुण. तिसरा, वरखाली होणारी पातळी. एक जण कानात ओरडतोय आणि दुसरा शेजारच्या खोलीतून बोलतोय, असे झाले की हात सतत आवाजाच्या बटणावर ठेवावा लागतो. श्रोता भाग अर्धवट सोडतो तो यांपैकी एखाद्या कारणाने. या तिन्ही दोषांचा माइकच्या किमतीशी थेट संबंध नाही. खोली, तोंडापासून माइकचे अंतर आणि बोलणाऱ्याची सवय यातूनच ते निर्माण होतात आणि तिथेच दुरुस्त होतात.

महाग माइक खोलीचा घुमणारा आवाज थांबवतो का?

नाही, आणि याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. माइक तोंडापासून १५ सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर अंतराहून थोडा जवळ आहे असे समजा. तोच माइक टेबलाच्या पलीकडे ६० सेंटीमीटरवर गेला की अंतर दोनदा दुप्पट होते आणि तुमचा थेट आवाज १२ डेसिबलने कमी होतो. भिंतींवर आपटून खोलीभर पसरलेला आवाज मात्र दोन्ही ठिकाणी जवळपास तेवढाच राहतो. मग पातळी भरून काढण्यासाठी ‘गेन’ वाढवला की बोलण्यासोबत खोलीही तेवढीच वर येते. थोडक्यात, माइक जवळ ओढल्याने जो १२ डेसिबलचा फायदा फुकटात होतो, तो दुकानातून विकत आणता येत नाही.

इथे डायनॅमिक आणि कंडेन्सर या दोन जाती समजून घ्यायला हव्यात. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि त्यातून वीज तयार होते. हा स्पीकरचाच उलटा प्रकार. कंडेन्सरमध्ये विद्युतभारित पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यातले अंतर बदलते. त्याला बाहेरून वीज लागते, स्टुडिओत ती बहुधा ४८ व्होल्टची असते. कंडेन्सर अधिक संवेदनशील असल्याने दूरचे बारीक आवाजही सहज टिपतो.

त्यावरून ‘डायनॅमिक माइक खोलीचा आवाज कापतो’ असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. डायनॅमिकमध्ये मुळात संकेत क्षीण असतो, म्हणून आपण त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो आणि खोली मागे पडते. तोच माइक दोन फुटांवर ठेवला तर तोही घुमणार. तरीही घरगुती वापरासाठी डायनॅमिक सोयीचा, कारण तो जवळ बोलण्याची सवय लावतो.

माइकच्या स्वतःच्या खरखरीवरूनही जाहिराती होतात. रोड कंपनीच्या एनटी१ या कंडेन्सर माइकची स्वतःची खरखर अवघी ४ डेसिबल सांगितली जाते, आणि ती खरोखर उल्लेखनीय आहे. पण रात्रीच्या शांत बेडरूममध्येही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच, पंखा सुरू केला की तो आणखी वाढतो. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये ४ डेसिबल खरखरीचा माइक आणि १५ डेसिबल खरखरीचा माइक यांच्यातला फरक पंख्याखाली दबून जातो.

मग खोलीवर किती खर्च करायचा?

सुरुवातीला जवळपास काहीच नाही. आपल्याकडच्या घरांत फरशी, गुळगुळीत भिंती आणि काचेच्या खिडक्या असल्याने हॉल सर्वाधिक घुमतो. त्यामुळे हॉलऐवजी बेडरूम निवडावी. गादी, उशा, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हे सगळे आवाज शोषून घेतात. बोलणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दोरीवर जाड गोधडी किंवा रजई टांगली तर फरक पहिल्याच चाचणीत कळतो. टाळी वाजवून पाहा. टाळीनंतर ‘टंर्र’ असा धातूसारखा शेपटा ऐकू आला तर आणखी कापड हवे. टाळी कोरडी वाटली तर खोली तयार आहे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला मात्र विसरलेला बरा. पुठ्ठा पातळ आणि हलका असतो. तो बाहेरचा आवाज अडवत नाही आणि आतलाही फारसा शोषत नाही. दुकानात मिळणारा इंचभर जाडीचा फोमही केवळ वरच्या पट्टीतले आवाज शोषतो. पुरुषी आवाजाची खालची घुमणारी पट्टी तशीच राहते आणि खोली ‘कोंदट’ वाटू लागते. शिवाय फोम म्हणजे ध्वनिरोधक नव्हे. शेजारच्या कुकरची शिट्टी त्याने अडत नाही.

त्यावर उपाय वेळेचा. पंखा बंद, फ्रिजपासून दूर, खिडक्या लावून आणि सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा बोलायचे. लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करताना गुणगुण ऐकू येत असेल तर चार्जर काढून पाहावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने, अर्थिंग नीट नसलेल्या जुन्या इमारतींत ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण आवाजात शिरणे नेहमीचेच आहे.

पहिल्या टप्प्यात किती पैसे पुरेसे?

एकट्याने बोलणार असाल, म्हणजे गोष्टी, पुस्तकांवरचे बोलणे, शेती सल्ला किंवा अभ्यासाच्या टिपा, तर शून्य ते दोन हजार रुपये. हातात स्मार्टफोन आहेच. तो विमान मोडवर टाकून तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरला आणि खोली गोधडीने कोरडी केली, तर मिळणारा आवाज अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच चांगला असतो.

पहिली खरेदी करायची तर कॉलरला लावायचा वायरचा माइक घ्यावा. बोया बीवाय-एम१ हे त्यातले सर्वपरिचित नाव. सहा मीटर लांब तार असलेला हा माइक साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. घेताना पिन पाहावी. मोबाइलसाठी तीन काळ्या कड्यांची पिन लागते, कॅमेऱ्याच्या माइकवर बहुधा दोनच कड्या असतात. फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सी जोडणीचा खर्चही धरावा. सगळ्याच जोडण्या माइकचा आवाज आत घेत नाहीत, त्यामुळे दुकानातच लावून, बोलून पाहणे उत्तम.

ब्लूटूथ इअरबडवर ध्वनिमुद्रण करू नये. गाणे ऐकताना ते उत्तम वाजतात, पण माइक सुरू झाला की बहुतेक इअरबड फोन कॉलच्या पद्धतीवर जातात. या पारंपरिक पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८ हजार किंवा १६ हजार नमुनेच घेतले जातात, ध्वनिमुद्रणात मात्र ४४ हजार १०० किंवा ४८ हजार घेतात. परिणामी ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि अख्खा भाग फोनवरून बोलल्यासारखा वाटतो.

मराठीची एक खास अडचणही लक्षात घ्यावी. फ, भ, ठ, ध यांसारख्या महाप्राण अक्षरांबरोबर तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. तो थेट माइकवर आदळला की ‘भप्प’ असा आवाज येतो. चाचणीसाठी ‘भाऊंनी फाट्यावर भिजलेली भाकरी फडक्यात बांधली’ असे एखादे वाक्य बोलून पाहावे. झोत ऐकू आला तर माइक तोंडासमोरून हटवून गालाच्या रेषेत, थोडा तिरपा धरावा. दोनशे-तीनशे रुपयांचा फोमचा टोपही मदतीला येतो.

बाकीची सामग्री फुकट आहे. संपादनासाठी ऑडॅसिटी मोफत मिळते. भाग साठवून सगळीकडे पोहोचवण्याची सेवा स्पॉटिफाय मोफत देते, यूट्यूबही आहेच. पातळी सारखी करण्यासाठी ऑडॅसिटीत लाउडनेस जुळवण्याची सोय आहे. अ‍ॅपल पॉडकास्टने सुचवलेली पातळी उणे १६ एलयूएफएसच्या आसपास आहे. हा एक आकडा पाळला तरी ‘कधी मोठा, कधी बारीक’ ही तक्रार बरीचशी मिटते.

दहा हजारांपर्यंत खर्च केल्यास काय मिळते?

नियमित भाग येऊ लागले, कॉलर माइकमध्ये कपड्यांची सळसळ त्रास देऊ लागली किंवा आवाज अधिक भरीव हवा असे वाटले, की हा टप्पा येतो. त्यात तीन गोष्टी येतात: माइक, तो तोंडाजवळ धरून ठेवणारा स्टँड आणि वायरचा हेडफोन.

माइक निवडताना यूएसबी आणि एक्सएलआर अशा दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक प्रकार फायद्याचा ठरतो. सॅमसन क्यू२यू आणि ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स ही त्यातली जुनी, खात्रीची नावे. आज तो थेट लॅपटॉपला जोडता येतो. उद्या दुसऱ्या माणसासाठी ऑडिओ इंटरफेस घेतला तर तोच माइक एक्सएलआर म्हणजे तीन पिनांच्या केबलवर चालतो. म्हणजे पहिल्या टप्प्यातले पैसे दुसऱ्या टप्प्यात वाया जात नाहीत. नुसत्या यूएसबी माइकला ही वाट नसते.

ब्लू येतीसारखे कंडेन्सर दिसायला आकर्षक आणि खूप लोकप्रिय आहेत. पण टेबलावरच्या त्यांच्या स्टँडमुळे ते तोंडापासून लांब राहतात आणि खोली, कीबोर्ड, टेबलाचा धक्का असे सगळे टिपतात. खोली कोरडी नसेल तर हा खर्च टाळावा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळ्यातला दमटपणा कंडेन्सरला मानवत नाही. वापरून झाल्यावर तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

हेडफोनवरचा खर्च अनेक जण टाळतात, पण तो सर्वात आधी करावा असा आहे. ध्वनिमुद्रण सुरू असताना स्वतःचा आवाज कानात ऐकू आला तर पंखा, सळसळ, माइकपासून दूर गेलेले तोंड अशा चुका तिथल्या तिथे पकडता येतात. तासभराची मुलाखत संपल्यावर खरखर सापडली तर ती कोणताही माइक परत आणून देत नाही. सुरुवातीला घरातला साधा वायरचा इअरफोनही चालतो.

दोघांच्या गप्पा असतील किंवा पाहुणा दूर असेल तर?

एकाच खोलीत दोघे असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र माइक हवा. टेबलाच्या मधोमध एक माइक ठेवला की दोघेही त्याच्यापासून लांब राहतात आणि पुन्हा घुमण्याचा प्रश्न येतो. दोन एक्सएलआर माइक आणि दोन वाटांचा ऑडिओ इंटरफेस घेतला तर एकूण खर्च साधारण २५ ते ४० हजारांत जातो. फोकसराइटचा स्कारलेट २आय२ हा त्यातला परिचित इंटरफेस. तीन-चार जण नेहमी एकत्र बसणार असतील तर झूमचा पॉडट्रॅक पी४ उपयोगी. त्याला चार माइक आणि चार हेडफोन लागतात, लॅपटॉपची गरजही नसते.

पाहुणा दुसऱ्या गावात किंवा परदेशात असेल तर मात्र जवळपास काहीच खर्च नाही. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलताना कॉलचा आवाज मुद्रित करू नये, कारण इंटरनेट अडखळले की आवाजही फाटतो. दोघांनीही इअरफोन लावून, आपापल्या फोनवर आपापला आवाज स्वतंत्र मुद्रित करावा. सुरुवातीला ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकत्र टाळी वाजवली की संपादनात दोन्ही फाइल जुळवणे सोपे जाते. पाहुण्याला ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. व्हॉइस मेसेज म्हणून बोलून पाठवलेला आवाज खूप आकसतो.

चाळीस हजारांचा माइक घेतला की काम संपते का?

तिथून खर्च सुरू होतो. व्हिडिओंत हमखास दिसणारा शुअर एसएम७बी हेच उदाहरण घेऊ. माइक उत्तमच आहे. १९८२ च्या मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ अल्बमसाठी त्याचाच पूर्वज असलेला एसएम७ वापरला गेला होता. अमेरिकेत त्याची किंमत अनेक वर्षे ३९९ डॉलर राहिली, आपल्याकडे तो चाळीस हजारांच्या आसपास पडतो.

पण तो अत्यंत क्षीण संकेत देतो. कंपनीच्या सांगण्यानुसार त्याला किमान ६० डेसिबल गेन देणारा इंटरफेस लागतो. स्कारलेट २आय२च्या तिसऱ्या पिढीचा गेन ५६ डेसिबल होता, चौथ्या पिढीत तो ६९ झाला. म्हणजे जुना इंटरफेस स्वस्तात घेतला तर आवाज कमी पडणार. मग क्लाउडलिफ्टरसारखा २५ डेसिबल वाढवून देणारा डबा वेगळा घ्यावा लागतो. शुअरने २०२३ मध्ये ही सोय आतच असलेला एसएम७डीबी आणला, तो अधिक महाग आहे. शिवाय एसएम७बीचे वजन पाऊण किलोहून थोडे जास्त. आठशे रुपयांची टेबलाला लावायची दांडी त्याच्या भाराने हळूहळू खाली झुकते, म्हणजे दणकट दांडीही हवी. केबल, हेडफोन, इंटरफेस धरून एका माणसाचा खर्च ६० ते ७० हजारांवर जातो आणि खोली घुमत असेल तर एवढे करूनही ती घुमतेच.

मग असा माइक कोणी घ्यावा? ज्यांची खोली कोरडी आहे, जे दर आठवड्याला भाग काढतात, ज्यांना आवाजाच्या कामाचे पैसे मिळतात किंवा जे ध्वनिपुस्तकांचे वाचन करतात, त्यांनी. ध्वनिपुस्तकांसाठी निकष काटेकोर असतात. ऑडिबलशी जोडलेल्या एसीएक्स या व्यासपीठाच्या नियमांनुसार पार्श्वभूमीची खरखर उणे ६० डेसिबलच्या खाली लागते. हा आकडा ऑडॅसिटीत मोजता येतो. आहे त्या साहित्यावर तो गाठता येत असेल, तर नवा माइक घेण्याचे तांत्रिक कारण उरत नाही.

व्हिडिओसुद्धा हवा असेल तर?

तर अंदाजपत्रक वेगळे करावे. दोन माणसांच्या व्हिडिओ पॉडकास्टला किमान दोन फोन किंवा कॅमेरे, दोन-तीन दिवे, ट्रायपॉड आणि भरपूर साठवण लागते. संपादनाचा वेळही कित्येक पटींनी वाढतो. इथे खोलीतल्या गोधड्या दिसतात, पंखा बंद ठेवल्याचा घामही दिसतो. सुरुवातीचे काही भाग केवळ आवाजाचे काढून, त्यावर एक स्थिर चित्र लावून यूट्यूबवर टाकण्याचा मार्ग खुला आहेच.

पैसे परत मिळण्याचा हिशेबही आधीच पाहावा. यूट्यूबवर जाहिरातींतून वाटा मिळण्यासाठी १ हजार सदस्य आणि १२ महिन्यांत ४ हजार तास पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी दृश्ये अशी अट आहे. ४ हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटे. प्रत्येक भाग सरासरी १० मिनिटे पाहिला गेला असे धरले तर २४ हजार वेळा तो पाहिला जायला हवा. तेव्हा ‘पॉडकास्टच्या कमाईतून हप्ते फेडू’ या भरवशावर क्रेडिट कार्ड पुढे करणे धोक्याचे. ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवरही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो, हे बिलाच्या तळाशी पाहावे.

स्टुडिओ भाड्याने घेणे परवडते का?

अनेकदा परवडते. मुंबई-पुण्यात तासावर मिळणारे पॉडकास्ट स्टुडिओ आता बरेच आहेत. समजा, दोन तासांचे भाडे ३ हजार रुपये आहे आणि तेवढ्यात दोन भाग होतात. म्हणजे भागामागे दीड हजार. साठ हजारांचे साहित्य घेतले तर तेवढ्यात स्टुडिओत ४० भाग झाले असते. महिन्याला दोन भाग काढणाऱ्यासाठी ही दीड वर्षाहून अधिक काळाची बेगमी झाली. दर आठवड्याला दोन भाग काढणाऱ्यासाठी मात्र तेच पैसे पाच महिन्यांत वसूल होतात आणि त्याने स्वतःचे साहित्य घेणे शहाणपणाचे.

जुने साहित्य हाही पर्याय आहे. डायनॅमिक माइक धडधाकट असतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि पुन्हा विकले तर बऱ्यापैकी किंमत देतात. मात्र शुअर एसएम५८सारख्या लोकप्रिय माइकच्या नकली प्रती जगभर विकल्या जातात. किंमत अविश्वसनीय वाटली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घ्या, नाहीतर ऑनलाइन घ्या. बिल, वॉरंटी आणि अधिकृत विक्रेता या तीन गोष्टी पाहाव्यात.

मग आपला आकडा ठरवायचा कसा?

एक साधा नियम पाळता येईल: तक्रार आधी, खरेदी नंतर. हाताशी असलेल्या फोनवर तीन भाग मुद्रित करावेत, हवे तर कुठेही प्रसिद्ध न करता. एक दिवस जाऊ द्यावा आणि मग ते बसमध्ये किंवा स्वयंपाकघरात, श्रोता ऐकेल तसे ऐकावेत. पॉडकास्टशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांनाही ऐकवावेत. जे खटकते ते कागदावर शब्दांत लिहावे. ‘घुमते’ असे लिहिले गेले तर गोधडी. ‘सळसळ येते’ असेल तर कॉलर माइकऐवजी स्टँडवरचा माइक. ‘पाहुण्याचा आवाज लांबून येतो’ असेल तर दुसरा माइक. ‘कंटाळा आला’ असे कोणी म्हणाले तर त्याला दुकानात उत्तर नाही. त्यासाठी लिहिलेला मजकूर पुन्हा हातात घ्यावा लागेल. तक्रार शब्दांत मांडता येत नसेल तर खरेदी थांबवावी.

ढोबळमानाने सांगायचे तर पहिल्या दहा भागांसाठी दोन हजार रुपयांच्या वर जाण्याचे सहसा कारण नसते. दहा भाग पूर्ण झाले आणि अकरावा काढण्याची इच्छा टिकून असेल तर दहा हजारांपर्यंतचा टप्पा विचारात घ्यावा. दोन माणसे नियमित एकत्र बसत असतील तर २५ ते ४० हजार. त्यापुढचा खर्च कामाचे पैसे मिळू लागल्यावर, शक्यतो त्याच पैशांतून करावा. साहित्याच्या किमती सण-उत्सवांतल्या सवलतींप्रमाणे आणि डॉलरच्या भावाप्रमाणे खाली-वर होत राहतात, त्यामुळे इथले आकडे अंदाज म्हणूनच धरावेत. टप्प्यांचा क्रम मात्र भावाप्रमाणे बदलत नाही: आधी खोली, मग अंतर, मग हेडफोन आणि सर्वात शेवटी माइक.